ढेप भिजवायचा टब आणि सागवानी माडी

पत्र असं आहे:

“आम्ही वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावी राहतो. माझे दीर नागपूरला जुनी घरं पाडायची कामं घेतात. एका बंगल्यातून त्यांना बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा बाथटब मिळाला, आतून पांढरा, खाली चार पंजे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, कोमट पाण्यात बसायला बरं म्हणून त्यांनी तो ट्रॉलीत घालून गावी पाठवला. उतरवायला सहा माणसं लागली. दोन महिने झाले, टब अंगणात पडून आहे आणि खरं सांगायचं तर त्यात म्हशीची ढेप (पेंड) भिजते. आता यांचं म्हणणं की तो माडीवर बसवू. माडीवर सासऱ्यांच्या वेळी कापूस भरत, तेव्हा काही झालं नाही, मग एका टबानं काय होणार? मिस्त्री म्हणतो, खाली चार विटा लावतो, काहीच होत नाही. ती खोली नेमकी आमच्या स्वयंपाकघरावर येते. मी पोळ्या लाटताना वर बघते. दुसरी जागा म्हणजे आठ वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबवरची बाथरूम. तिसरी खालची न्हाणी, पण तिची फरशी दर पावसाळ्यात उचलते. दिवाळीला दीर येतील तोवर टब बसलेला हवा, असं घरात ठरलंय. काय करावं?”

ताई, वर बघताना वाटणारी तुमची भीती रास्त आहे. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. माडीवर नको. स्लॅबवर इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय नको. खालच्या न्हाणीतच बसवा, पण फरशी का उचलते त्याचा बंदोबस्त आधी करा. आणि ढेप आजच दुसऱ्या भांड्यात भिजवा. जुन्या बीडाच्या टबांवरच्या चिनी मुलाम्यात शिसं असू शकतं, आणि टवके उडालेल्या जागी ते पाण्यात उतरू शकतं. म्हशीच्या पोटातून ते घरच्या दुधात यायला नको.

आता वजन. सहा माणसं लागली हे काही माप नव्हे, सहा जणांतले दोघं नुसता हात लावून ओरडत असतात. असे टब साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे किलोचे असतात. धान्याच्या व्यापाऱ्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो, त्यावर नेऊन एकदा तोलून घ्या. मी तूर्त दीडशे धरतो. पाण्याचं माप त्याहून सोपं. टब अंगणात आहे तोवरच त्यात बादल्या ओता आणि मोजा. पंधरा लिटरच्या बारा बादल्या बसल्या तर १८० लिटर, म्हणजे १८० किलो. सासूबाई सत्तर किलोच्या धरू. एकूण झाले ४००.

इथे कोणी हुशार पोरगं म्हणेल, माणूस पाण्यात बसला की तेवढं पाणी सांडतं, मग दोन्ही वजनं कशाला धरायची? शाळेत शिकलेलं बरोबर आहे. काठोकाठ भरलेल्या टबात माणूस बसला की जवळजवळ त्याच्या वजनाइतकं पाणी बाहेर जातं. पण तो बसतो कधी? आधी एक पाय आत टाकून, काठ धरून उभा राहतो. त्या क्षणी पाणीही पूर्ण असतं आणि माणूसही पूर्ण, शिवाय शेजारी हात धरायला तुम्ही. टबाखालच्या जमिनीची परीक्षा त्या दहा सेकंदांत होते. म्हणून ४०० सोडू नका, वर तुमचे साठ वेगळे.

आता तुमच्या यजमानांचा कापूस. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण विदर्भातल्या कितीतरी माड्यांनी खरंच कापूस पेलला आहे. पण हिशोब मांडून बघू. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. तिच्यात १५ क्विंटल कापूस भरला तर चौरस मीटरला १३५ किलोच्या आसपास आले, आणि तेही सगळ्या खोलीभर सारखे, फळ्यांखालच्या प्रत्येक कडीवर, म्हणजे आडव्या लाकडावर, थोडे थोडे. तुमचा टब साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद धरला तर त्याची जागा सव्वा चौरस मीटरच्या जरा वर. त्यात ४०० किलो म्हणजे चौरस मीटरला तीनशेच्याही वर. राहत्या घराच्या खोल्या आणि बाथरूमसाठी भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरतात. हे नव्या, हिशोबानं बांधलेल्या घरासाठी. तुमची माडी बांधणाऱ्या सुताराकडे असं कुठलं पुस्तक नव्हतं. त्याचा अंदाज पक्का असेल, पण तो कापसाचा होता.

आणि तीनशे हा आकडासुद्धा सौम्यच, कारण टब जमिनीला सपाट टेकत नाही, तो चार पंजांवर उभा असतो. प्रत्येक पंजावर शंभर किलो येतील असं आपण समजतो. तेही खरं नाही. चार पायांची कडक वस्तू ओबडधोबड जमिनीवर ठेवली की बहुधा तिरक्या समोरच्या दोन पायांवर उभी राहते, बाकीचे दोन नुसते लटकतात. चहाच्या टपरीवरचं डुगडुगणारं टेबल आठवा. म्हणजे एका पंजावर दोनशे किलो. पंजा दोन इंच बाय दोन इंचाचा, पंचवीस चौरस सेंटिमीटर धरा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आठ किलो झाले. फरशी खालून पोकळ असेल तर तिथे ती कडकन तडकते, आणि माडीची फळी असेल तर दबते.

माडी कशाची असते ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण शहरातले वाचक हे वाचतात. भिंतीत डोकं खुपसलेल्या सागवानी मयाली म्हणजे मोठ्या तुळया, त्यांच्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि वर शेण किंवा फरशी. सहा इंच माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास वजन. माडीवर आपण पाय ठेवायच्या आधीच ती एवढं घेऊन उभी असते. बाथरूम केली की ही माती पाणी पिते आणि आणखी जड होते. टबाचं वजन एक वेळ पेलेल, पण टबाच्या जोडणीतून थेंब थेंब झिरपणारं पाणी माडी पेलत नाही. सागवान पाण्याला चिवट आहे हे खरं, पण भिंतीत गेलेलं टोक वर्षानुवर्षं ओलं राहिलं की सागवानही कुजतं, आणि बाहेरून ते दिसत नाही.

माझ्या मामाच्या गावी हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा नुकताच ओव्हरसिअर झालो होतो आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. मामांनी माडीच्या कोपऱ्यात पाचशे लिटरची प्लॅस्टिकची टाकी बसवली. मी मयालीवर मूठ आपटून पाहिली, खणखणीत आवाज आला, म्हटलं बिनधास्त बसवा. तिसऱ्या पावसाळ्यात रात्री टाकी खालच्या कोठ्यात आली. बैल त्या दिवशी वावरातच मुक्कामाला होते, एवढं नशीब. सकाळी मयाल पाहिली तर मधोमध ती अजूनही खणखणीत होती. भिंतीतलं वीतभर टोक मात्र उधईनं खाऊन वरखासारखं केलं होतं, बोटानं चुरलं. मी मूठ आपटली होती मधोमध. टोकाला हात लावलाच नव्हता. मामा काही बोलले नाहीत, नंतर बरीच वर्षं मला “इंजिनिअरसाहेब” म्हणत राहिले.

म्हणून माडी तपासायची तर पेचकस घेऊन मयालीच्या दोन्ही टोकांशी, भिंतीला अगदी लागून टोचायचं. चांगल्या सागवानात पेचकस दोन-तीन मिलिमीटरही जात नाही. लोण्यात गेल्यासारखा गेला तर त्या खोलीत टबच काय, तुरीची चुंगडी ठेवायच्या आधीही विचार करावा लागेल. मातीच्या नळ्या दिसल्या तर उधई. झोळ बघायचा तर मयालीच्या दोन टोकांना खालून दोरी ताणून बांधा आणि मधोमध दोरी नि लाकूड यांच्यातला फरक पट्टीनं मोजा. फरशी बसवलेल्या लाकडी मजल्यासाठी नवा भार आल्यावर वाढणारा झोळ लांबीच्या ३६० व्या भागाच्या आत असावा, असा सुतार-इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. बारा फुटांच्या मयालीला तो एक सेंटिमीटर येतो. दोरी तशीच राहू द्या, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. कापूस पेललेल्या माडीचा झोळ वाढतो आहे की थांबला आहे, हे तेव्हाच कळेल.

घरातले तरीही ऐकले नाहीत तर दोन गोष्टी पक्क्या सांगून ठेवा. एक, टब भिंतीला लागून, कड्यांना आडवा ठेवायचा, म्हणजे तो चार-पाच कड्यांवर बसेल. कड्यांच्या लांबीनं ठेवला तर सगळं ओझं दोनच कड्यांवर येतं. दुसरी, खालून आधार द्यायचा तर तो स्वयंपाकघराच्या फरशीवर उभा केलेला बल्लीचा टेकू नव्हे. मधोमध खांब दिला की मयालीची लांबी अर्धी होते आणि झोळ नाममात्र राहतो, इतका एका खांबाचा फायदा. पण मग ते ओझं खांबाच्या पायथ्याशी येतं, आणि तो पायथा काळ्या मातीवरच्या दीड इंच फरशीवर असेल तर आपण ओझं फक्त वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आणलं. खांबाला जोत्याखालपर्यंत स्वतःचा पाया लागतो. तुमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध खड्डा, मधोमध खांब. हे नुसतं घरात वाचून दाखवा, माझ्या मते तिथेच विषय मिटेल. आणि नळवाल्याला मयालीजवळ करवत घेऊन जाऊ देऊ नका. पाइप काढायला तो खालून दोन इंचांची खाच मारतो आणि वर म्हणतो, एवढ्यानं काय होते. मधोमध खालच्या अंगालाच लाकडावर सर्वांत जास्त ताण असतो, तिथली दोन इंचं म्हणजे सगळा जीव.

मिस्त्रीच्या चार विटांबद्दल एवढंच, की विटा ओझं कमी करत नाहीत, त्या ओझ्यात भर घालतात.

स्लॅबच्या बाथरूमवर मी फार लिहीत नाही, कारण न पाहता लिहिण्यासारखं त्यात फार नाही. स्लॅब किती इंची, सळई कुठली आणि खाली तुळई कुठे, हे आठ वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीलाच ठाऊक. एक मात्र विचारा. बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरले आहेत का? तसं असेल तर टबाआधीच त्या भरावाचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात असतं. नवीन करणारे हल्ली तिथे एएसी ब्लॉकचे, म्हणजे फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचे तुकडे भरतात, ते वजनाला विटांच्या तिसऱ्या हिश्श्याचे असतात. यात आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा सगळीकडे मिळतात आणि राखेच्या म्हणून लोक त्या हलक्या समजतात. त्या साध्या विटांइतक्याच जड असतात. हलके असतात ते फुगवलेले एएसी ब्लॉक. आणि बाथरूमचा भाग भिंतीबाहेर छज्ज्यासारखा काढलेला असेल, तर तिथे टबाचा विचारच सोडा. तालुक्याला घरांचे नकाशे करून देणारे इंजिनिअर आहेत, त्यांतल्या एकाला फी देऊन आणा आणि एकच प्रश्न विचारा: सव्वा चौरस मीटरवर ४०० किलो, चार पायांवर, कुठे ठेवू? “कुठेही ठेवा” असं उत्तर आलं तर दुसरा इंजिनिअर शोधा.

आता खालच्या न्हाणीकडे येऊ, खरं काम तिथेच आहे.

तुमची फरशी उचलते कारण तुमचं घर कापसाच्या काळ्या मातीवर उभं आहे. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तुम्ही रोज बघता. तीच माती घराखालीही आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. भिंतीच्या वजनाखाली ती जरा दबून राहते, पण न्हाणीच्या फरशीचं वजनच किती! तिला ती अलगद उचलते. तुमची फरशी पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात पुन्हा बसते का, बघा. मधोमध फुगून कडेला तिरकी होत असेल तर हेच कारण. तिथे टब ठेवला तर वजनानं फरशी खाली राहील असं वाटेल, पण फुगणाऱ्या मातीला चारशे किलो म्हणजे काहीच नाही. उलट टबाचं पाणी नेमकं त्याच जागी झिरपलं तर दोन पंजे वर आणि दोन खाली अशी अवस्था होईल.

उपाय जुनाच आहे: काळी माती काढा, मुरूम भरा. न्हाणीच्या मध्ये टबापुरता नव्हे तर सगळ्या जागेत, अडीच-तीन फूट, आणि त्याआधीच मुरूम लागला तर तिथवर. पण इथे एक धोका आहे. जुन्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतींचा पाया बहुधा उथळ असतो. भिंतीच्या अगदी कडेला तीन फूट खोदलं तर भिंत खड्ड्यात येते. म्हणून आधी कोपऱ्यात हातभर खड्डा करून भिंतीचा पाया कुठवर गेला ते पाहा, त्याच्या खाली खोदू नका, आणि भिंतीलगतची पट्टी एकदम न काढता तीन-तीन फुटांचे तुकडे करत काढा. काढला तुकडा त्याच दिवशी भरा.

भरायला रेती वापरू नका. रेती स्वस्त पडते, पसरायला सोपी, मिस्त्रीला आवडते. पण काळ्या मातीतला रेतीचा खड्डा म्हणजे पाणी साठवायचं टाकं होतं, आणि ते पाणी आजूबाजूच्या मातीला वर्षभर पुरतं. चांगला, जरासा चिकट मुरूम हवा, न फुगणारा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर असा चिकट पण न फुगणारा थर दिला की खालची फुगारी कशी दबते याचा मोठा अभ्यास केला, आणि कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देतात. गावात तपासायची रीत सोपी: मुरमाचा ओला गोळा करून सावलीत वाळवा. वाळून भेगाळला तर त्यात काळी माती आहे, परत पाठवा. सहा बाय आठची न्हाणी अडीच फूट भरायला दीड ब्रास (दीडशे घनफूट) मुरूम लागेल, धुमसून बसतो हे धरून. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुमस आपटायची. टाच मारली की उमटू नये, तेव्हा पुढचा थर. हे काम रटाळ आहे, मजूर दोन थर एकत्र टाकतात, म्हणून खुर्ची टाकून तिथे बसा. 

मुरमावर दगडांची सोलिंग, तिच्यावर तीन-चार इंच साधं काँक्रीट, मग आठ मिलिमीटरच्या सळयांची सहा इंची जाळी आणि चार इंच पक्कं काँक्रीट, एक-दीड-तीन प्रमाणाचं. सहा बाय आठला या वरच्या थराला चार बोऱ्या सिमेंट आणि पंचवीस किलो सळई लागते, एवढ्यासाठी कंजूषपणा करू नका. जाळी खालच्या काँक्रीटवर टेकून ठेवायची नाही, खाली इंचाइतके सिमेंटचे ठोकळे द्यायचे. भिंत आणि हे काँक्रीट यांच्यात अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी चहूबाजूंनी लावा आणि वरून सीलंट भरा, म्हणजे माती हललीच तर फरशी भिंतीला तडा देत नाही. मे महिन्यात विदर्भात काँक्रीट दुपारी टाकू नका, पहाटे टाका, आणि ओल्या बारदान्यानं झाका. पहिले चौदा दिवस ते सुकू द्यायचं नाही. मृगाचा पाऊस लागायच्या आत काँक्रीट झालं पाहिजे. उशीर झाला तर यंदा थांबा. उघड्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं की भिंतीच्या पायाखालची माती आधी फुगेल.

टबाचं पाणी जाईल कुठे हे आत्ताच ठरवा. १८० लिटर एका वेळी सुटतं. न्हाणीच्या भिंतीलगत शोषखड्डा केला तर इतका खटाटोप करून काढलेली ओल आपणच परत आणली. दीड इंची पाइपनं टबाचं पाणी न्हाणीच्या मोरीवरच्या जाळीत आणि तिथून तीन इंची पाइपनं निदान दहा-बारा फूट लांब, सांदवाडीतल्या (परसातल्या) केळीला किंवा पपईला. पाइपचा जोड टबाखाली असेल तर तो उघडून बघता येईल एवढी जागा ठेवा. पंजाच्या टबाचा हा एक फायदा. पुढेमागे कोणी फायबर-ॲक्रिलिकचा हलका टब घेतलाच तर त्याला उलटी काळजी लागते. तो पंचवीस-तीस किलोचाच असतो पण बूड लवतं, म्हणून त्याच्या बुडाखाली सिमेंटच्या मसाल्याचा थर अंथरावा लागतो, नुसता काठावर टांगून चालत नाही. तुमच्या बीडाच्या टबाला हे काही नको.

तुमच्या टबाला हव्यात फक्त चार पाट्या. प्रत्येक पंजाखाली सहा बाय सहा इंचाची, दहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पाटी, गंज चढू नये म्हणून रंगवलेली. दोनशे किलो या पाटीवरून गेले की चौरस सेंटिमीटरला आठ किलोचा दाब एक किलोच्या आत येतो. फरशी बसवतानाच त्या चार जागी खाली पोकळी राहणार नाही याकडे बघा. नाण्यानं ठोकत जा, भद्द आवाज आला तर ती फरशी उचलून पुन्हा बसवा. फरशीला जाळीकडे उतार असणारच, म्हणून चारही पंजे एका पातळीत यायला पाट्यांखाली लोखंडाच्याच पातळ पट्ट्या घाला. लाकडाच्या पाचरी घालू नका, त्या भिजून फुगतात आणि मग कुजतात.

सासूबाईंबद्दल एक बोलायचं राहिलं. पंजाच्या टबाचा काठ जमिनीपासून पावणेदोन ते दोन फूट उंच असतो. गुडघे गेलेल्या बाईनं एवढ्या उंच, ओल्या, घसरड्या काठावरून पाय टाकायचा म्हणजे मी म्हणेन, टबाच्या वजनापेक्षा हे मोठं संकट आहे. काठावर बसून मग पाय आत घेता येतील अशी एक जाड सागवानी फळी टबावर आडवी टाका, खालून दोन पट्ट्या ठोका म्हणजे सरकणार नाही. भिंतीला पकडायला स्टीलची दांडी लावा. पण मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत, तिथे आरपार बोल्ट घालून बाहेरून पाटी लावावी लागते. टबात रबरी चटई. आणि त्यांना न्हाणीत एकट्या सोडू नका. हे सगळं करूनही त्यांना भीती वाटली तर टब राहू द्या, स्टुलावर बसून गुडघ्यांवर गरम पाण्याची धार घेतली तरी शेक तोच मिळतो. हे मी दिरांच्या भावना सांभाळून लिहितो आहे.

पाण्याचंही एकदा घरात बोला. जल जीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. एका टबात तीन माणसांचं दिवसाचं पाणी जातं, आणि आर्वीकडे मे महिन्यात ते कुठून येतं हे मी सांगायला नको. १८० लिटर पाणी पंधरा-वीस अंशांनी तापवायला विजेची तीन-चार युनिटं लागतात, किंवा बंबात पऱ्हाट्यांचा बराच मोठा भारा. आठवड्यातून दोनदा ठीक आहे. आणि कमरेपर्यंत पाण्यानं गुडघ्यांचं भागतं, काठोकाठ कशाला? सात-आठ बादल्या पुरतात, वजनही तेवढंच घटतं.

काँक्रीटला महिना झाल्यावर टब आत आणा. दारातून जातो का हे आधी मापून घ्या, नाहीतर चौकट काढावी लागते, हे दर वेळी शेवटच्या दिवशी लक्षात येतं. जागेवर ठेवला की रिकामा असतानाच चारही पंजांखाली वहीच्या कागदाची एकेक पट्टी सरकवून पाहा. एखाद्या पंजाखालून ती सहज निघाली तर तो पंजा हवेत आहे, तिथे पातळ पट्टी वाढवा. मग अर्धा भरा, पुन्हा कागद. मग पूर्ण भरून रात्रभर ठेवा, सकाळी पंजांभोवती तडा किंवा ओल आहे का बघा आणि टबाच्या काठावर पाणसळ ठेवून पातळी लिहून ठेवा. पोळ्याच्या सुमारास, जमीन पुरती ओली झाल्यावर, तीच पाणसळ परत लावा. फुगा जिथे होता तिथेच असेल तर दिरांना फोन करून सांगा, दिवाळीची पहिली अंघोळ टबात. सरकला असेल तर टब रिकामाच ठेवा आणि मला लिहा, कुठल्या बाजूला किती सरकला ते मापासकट.